मालकाची साक्षीदार

हसा बायांनो, पण माझ्यासारखी साक्ष तुमच्यातल्या एकीला तरी जमली असती का?

लातूर नवाच जिल्हा झालता, वर दुष्काळ. मी डाळमिलमधी डाळ निवडायला होते. आमच्यातल्या आठ बायांनी युनियनचा फॉर्म भरला, तसं मालकानं, म्हणजे आप्पानं, त्यांना घरी बसवलं. त्या सरकारी कामगार हापिसातल्या साहेबाकडं तक्रार घिऊन गेल्या. आप्पा मला म्हणला, "मावशे, तुझी जीभ लई चालती. माझ्या बाजूनं बोलायला चल."

मी ठेवणीतलं लुगडं नेसून गेले. साहेबानं बसायला खुर्ची दिली. जन्मात पहिल्यांदा हापिसातली खुर्ची मिळाली, मंग काय, सुटलेच.

"साहेब, आमचा आप्पा देवमाणूस! जी युनियनमधी जात न्हाई तिला मिलच्या बोअरचं रोज दोन घागरी पाणी देतो."

"आणि जी जाते तिला?"

"तिला कशाला देईल? तिला तर कामावरूनच काढलं की!"

आप्पा खोकला. मला वाटलं, कौतुकानं लाजला. म्हणून तेच परत जरा मोठ्यानं सांगितलं.

साहेब लिहीत लिहीत म्हणाला, "आप्पा, युनियनमध्ये गेली म्हणून काढायचं नाही आणि जाऊ नये म्हणून लालूच दाखवायची नाही, असा कायदा आहे. साक्षीदार मात्र चांगला आणलात."

मी खुशीनं जबाबावर अंगठा उठवला.

आठीजणी कामावर परत आल्या आन् हार माझ्याच गळ्यात घातला. "अगं, मी आप्पाच्या बाजूनं बोलले होते," असं मी आजवर सांगत आले, पण एक बाई खरं मानायला तयार न्हाई.