विरजण आणि वीटभट्टी

मृदंगबुवा, जरा दम धरा! टाळकरी मंडळींनीही हात गुडघ्यावर ठेवा. आज काल्याचं कीर्तन आहे. ती बघा वर हंडी! पोरांचे डोळे सकाळपासून तिच्यावर खिळलेत. आणि खांबाला टेकलेल्या काकांचेही, उगाच मान खाली घालू नका! थोड्या वेळानं ती फुटेल, दही हातावर पडेल, कोपरापर्यंत ओघळेल आणि तुम्ही ते मिटक्या मारत खाल. खा! पण आधी एका प्रश्नाचं उत्तर द्या.

एखाद्याला आपणच उपाशी ठेवलं. आपणच विष पाजलं. आपणच भाजून काढलं. आणि मग चार माणसं जमवून म्हटलं, "हा मेलाय, न्या याला!" — तर पाप कुणाचं? विष पाजणाऱ्याचं? की नाडी न बघता खांदा द्यायला उभ्या राहिलेल्या त्या चौघांचं?

बरं. मग ऐका.

बालाघाटच्या डोंगराखाली करडवाडी नावाचं गाव. गावाबाहेर खंडोबाचं देऊळ आणि देवळामागं तीन एकर देवाचं रान. एके काळी त्या रानात असा हरभरा व्हायचा की दाणेभरल्या घाट्यांच्या ओझ्यानं झाडं आडवी पडायची! पुढं काय झालं? जे तुमच्या-माझ्या गावात झालं तेच. काडीकचरा पेटवला. शेणखत बंद. फवारणी मात्र दर आठवड्याला, पोराला गंध-पावडर लावावी तशी! वीस वर्षं हे चाललं. मग पाऊस पडला की वर पापुद्रा, ऊन पडलं की भेगा. गांडूळ? गांडूळ शोधायला शाळेतला सूक्ष्मदर्शक न्यावा लागला असता!

हे रान कसायची सोजरबाई. सासऱ्याच्या मागं तिनंच ते धरलं होतं. पण गावात तिची ओळख रानावरून नव्हती, दह्यावरून होती. लग्न असो, बारसं असो, सप्ताह असो, दही लावावं तर सोजरनं! सुरीनं कापून वडी काढावी असं दही. तिची एक सवय होती. विरजण घालायच्या आधी ती दुधात करंगळी बुडवायची. बोटाला चटका बसला की हात मागं. "थांबा," म्हणायची, "आत जीव सोडायचाय."

आता दुसरे कोण? केरबातात्या! देवस्थानच्या पंचांतले थोरले. खता-औषधाचं दुकान त्यांचंच. आणि नदीकाठची वीटभट्टी? छे छे, ती त्यांची नव्हती हो! ती त्यांच्या मेव्हण्याची होती. हसू नका, सगळ्या गावांत एक मेव्हणा असतो!

तात्यांनी एके दिवशी देवळात बैठक बोलावली. म्हणाले, "देवाच्या रानात कुसळसुद्धा नीट उगवत न्हाई. माती मेलीय. भट्टीला देऊन टाकू. देवळाला पक्की भिंत मिळंल."

सोजर खांबाआडून पुढं आली. "तात्या, ज्या रानातला हरभरा देवापुढं ठेवत आलो, ती माती भाजणार? एकदा खणून नेली की बोटभर मातीसाठी शंभर-शंभर वर्षं वाट बघावी लागंल."

"अगं सोजरे, मेल्या ढोराचं कातडं तरी कामाला येतं ना?"

ऐकलंत? देवळात बसून हे बोलणं! आणि बाकीचे पंच काय करत होते? सुपारी कातरत होते!

योगायोग असा, की त्याच बैठकीला कृषी संशोधन केंद्रातल्या मृणाल मॅडम आल्या होत्या. त्यांनी पिशवीतून एक पाकीट काढलं. आत काळी भुकटी. म्हणाल्या, "माती मेलेली नाही, रिकामी झालीय. हिच्यातले जिवाणू संपलेत. या पाकिटात हरभऱ्याचे जिवाणू आहेत. पेरणीच्या वेळी बियांना लावायचे."

तात्या उडालेच! "जिवाणू? म्हंजे रोगाचे जंतू? आता देवाच्या रानात हगवण पेरायची का?"

सगळं देऊळ खो-खो हसलं. एकटी सोजर हसली नाही. तिनं हळूच विचारलं, "मॅडम, म्हंजे हे विरजण हाय का?"

मॅडम तिच्याकडं वळल्या. म्हणाल्या, "सोजरबाई, दहा वर्षं झाली मी हे समजावतेय, पण इतकं सोपं मला कधी सांगता आलं नाही. हो, मातीचं विरजण! हे मुळाशी घर करतात, मुळाला गाठी येतात. हवेतला नत्र धरून झाडाला भरवतात. गाठ नखानं फोडून बघा. आतून लालसर दिसली की समजा, काम चालू आहे. फक्त गुळाचं पाणी थंड करून मग कालवायचं, बी सावलीत सुकवायचं, आणि विषारी औषधाशी गाठ पडू द्यायची नाही."

ठराव झाला. पाकिटं तात्यांच्या दुकानातून घ्यायची. चंपाषष्ठीला गावासमोर झाडं उपटायची. गाठी दिसल्या तर रान देवाचं. नाही दिसल्या तर भट्टीचं.

दसरा उलटला. ऊन असं की डोक्यावर घागर घेतली तर घागरीतलं पाणी तापावं! सोजर दुकानात गेली. वर पत्र्याचं छप्पर, त्याला जवळजवळ टेकून फळी. फळीवर तणनाशकाचे डबे आणि डब्यांवर मॅडमनी महिन्यापूर्वी पाठवलेलं खोकं. तात्यांनी पाकीट काढून तिच्या हातावर टाकलं. हातावर पडलं आणि सोजर दचकली. करंगळी लावून बघितली. तव्यावरून काढलेल्या भाकरीसारखं गरम!

"तात्या, हे तापलंय! आतलं सगळं मेलं असंल की."

"भुकटी हाय ती, पिल्लं न्हाईत! मेलं म्हणं!"

"उकळत्या दुधात विरजण घातलं तर दही लागतं का?"

तात्या गिऱ्हाइकांकडं बघून हसले. "ऐका! दही लावणारी बाई शेतीचं शास्त्र शिकवतीय. सोजरे, तू पातेलं सांभाळ. ठरावात या दुकानातलं पाकीट लिवलंय. दुसरं वापरलंस तर आत्ताच रान सोड."

बघा मंडळी, डाव बघा! मेलेलं विरजण द्यायचं, दही लागलं नाही की म्हणायचं, दूधच नासकं! माझा तर जीव चरफडतो. पण सोजर नुसती चरफडत बसली नाही.

तिनं ते पाकीट घेतलं. दुसऱ्या दिवशी पहाटेची एसटी धरून ती केंद्रावर गेली. मडक्यात ओलं फडकं घातलं, त्यात ताजं पाकीट ठेवलं, पदर झाकला. बसमध्ये कुणीतरी विचारलं, "मावशी, दही नेताय व्हय?" म्हणाली, "तसंच समज!"

रानाच्या मधोमध तिनं दगडांची ओळ लावली. अलीकडच्या बियाणाला दुकानातलं पाकीट लावलं, ठराव पाळला! पलीकडच्याला मडक्यातलं. बी तेच, माती तीच, गुळाचं पाणीही एकाच पातेल्यात निववलेलं. दोन्हीकडं सारखं शेणखत, सारखं पाणी. आणि मग रोज त्या ओळीवर उभी राहून बघायची. मनात धाकधूक. मॅडमचं खरं, पण हेही विरजण लागलं नाही तर? माती खरंच मेली असली तर? ते रान गेलं तर सासऱ्याला वर जाऊन काय सांगू?

चंपाषष्ठी उजाडली. भंडारा उधळला, भरीत-रोडग्याचा नैवेद्य झाला. सगळं गाव रानात. मेव्हणा तर टेप घेऊन आला होता, मापायला! तात्या ऐटीत अलीकडं शिरले, झाड उपटलं, मुळं झटकली. लख्ख! खराट्याच्या काड्यांसारखी नुसती मुळं. दुसरं उपटलं, तेच. तिसरं, तेच. तात्यांनी झाड गावापुढं धरलं. "मेली! मी म्हणत न्हवतो? माती मेली!"

माना हलायला लागल्या. सुपाऱ्या पुन्हा बाहेर आल्या. सोजर पुढं आली.

"तात्या, आता दगडाच्या पलीकडचं उपटा."

"पलीकडं काय वेगळा देव हाय?"

"उपटा तर."

तात्या हलेनात. तेव्हा कोण पुढं आलं? खुद्द तात्यांच्या घरच्या, रखमाकाकी! पदर खोचला, वाकल्या, झाड उपटलं. आणि मंडळी, मुळं बघून काकींच्या तोंडून एकच शब्द निघाला, "अगंबया!" मुळांना गाठीच गाठी, ज्वारीचे दाणे चिकटवावेत तशा! काकींनी एक नखानं फोडली. आत डाळिंबाचा रंग!

सोजर म्हणाली, "माती एकच, तात्या. अलीकडं तुमच्या दुकानातलं पाकीट, पलीकडं केंद्रातलं ताजं. माती मेली न्हवती. तुमचं पाकीट मेलं होतं. मी दुकानात सांगितलं, तुम्ही हसलात."

तात्या म्हणाले, "मला काय म्हाईत? पाकिटावर लिवायला पाहिजे होतं!"

सोजरनं कनवटीचं तेच दुकानातलं रिकामं पाकीट काढून काकींच्या हातात दिलं. काकींनी मोठ्यानं वाचलं, "थंड व सावलीच्या जागी ठेवा. विषारी औषधांपासून दूर." लाल अक्षरात! मराठीत! काकी नवऱ्याकडं वळल्या. "लग्नाला तीस वर्षं झाली. यांना मी दुधाच्या पातेल्याला हात लावू देत न्हाई. आन् गावानं यांच्या हाती माती दिली!"

मेव्हण्यानं टेप गुंडाळला. गाठी गावानं बघितल्या; रान देवाचं राहिलं.

टाळ्या वाजवता? थांबवा! तुम्हाला वाटलं, तात्या सुधारले? अहो, उरलेलं खोकं त्यांनी दुसऱ्याच दिवशी शेजारच्या गावाला पाठवलं. आणि तिथं ते खपलंसुद्धा! का? कारण तिथं कुणी बोट लावून बघितलं नाही! बिस्किटाच्या पुड्यावरची तारीख आपण दोनदा वाचतो. घरातलं विरजण मोडलं तर वाटी घेऊन शेजारी धावतो. आणि जी काळी आई सगळ्यांना भरवते, तिचं विरजण वीस वर्षं मोडलंय, तिची चौकशी कुणी केली? काडी पेटवणारे हात या मांडवात नाहीत? आहेत! सुपारी कातरणारे पंच नाहीत? तेही आहेत, पुढच्याच रांगेत आहेत. मी लहान आहे, रागवा माझ्यावर, पण आधी उत्तर द्या!

आता हंडी फुटेल. दही घ्या, बोटं चाटा. आणि उद्या सकाळी तेच बोट आपापल्या रानातल्या मातीत घाला. गार, ओलसर लागली तर त्या खंडेरायाचे आभार माना. चटका बसला तर आभाळाकडं बघू नका. घरी या, आरशासमोर उभे राहा आणि विचारा, चूल कुणी पेटवली?

वाजवा मृदंग!