फुलाला पाठ न दाखवणारं पाखरू

"कोनी खरं माननार नाही शेठ, पन सांगतो," बकाराम म्हणाला. गोंदियाच्या फलाटावर गाडीची वाट पाहताना त्यानं लाल फुलांचं झुडूप चुन्नीलाल शेठपुढं धरलं. शेठला ते गोऱ्या साहेबाच्या मडमेला नजराणा म्हणून देऊन धानगिरणीची परवानगी काढायची होती. परवानगी निघाली, की गिरणीची चौकीदारी बकारामची. बाकाच्या टोकाला तोंडावर पदर घेऊन एक बाई पेंगत होती; तिच्याकडं त्यानं पाहिलंही नाही.

"दर्यापल्याड तिरनिदाद बेटावर मी बारा सालं ऊस तोडला. तिथं अंगठ्याएवढं पाखरू राहते. हवेतच उभं राहून फुलातला रस पिते."

"थकता नहीं?"

"जेवता जेवता कोनी थकते काय?"

"मडम बोलती है, वो उलटा उडता है."

"उडते ना. फुलाले पाठ दाखवत नाही. साहेबापुढून आपन निघतो, तसंच."

"बडा अदबवाला पंछी है. इधर आएगा?"

"हे झाड लावा, आठ दिवसांत वासावर येते."

"समुंदर पार करके?"

"मी नाही आलो काय? ह्या झाडाले कडेवर घेऊन आलो. कप्तान त्याचं बी तिकीट मागत होता."

शेठनं झुडूप हळूच मांडीवर घेतलं. "चौकीदारी पक्की समझो."

तेवढ्यात टोकाच्या बाईचा पदर वर सरकला.

"काऊन गा बकाराम, बारा सालं तं तू माह्याच धानाच्या बांधीत रोवना करून राहिला, अन् हे धायटीचं झुडूप कालच माह्या बांधावरून उपटलं ना?"