सरांनी खाली घेतलेला हात

आज रविवार. सरांना जाऊन तेरावा दिवस. सकाळी घरी तेरवी झाली, दुपारी जेवणं झाली, आणि ऊन उतरल्यावर आपण सगळे शाळेच्या पटांगणात लिंबाखाली बसलो आहोत. काकू, अनसिंगची मंडळी, मानोऱ्याहून आलेले खेळाडू, सगळ्यांना नमस्कार. मला बोलता येत नाही. जनावरांच्या दवाखान्यात कारकुनी करतो, तिथंही माझं काम कागदाशी. पण गुणवंतराव सरांबरोबर मी अकरा वर्षं बास्केटबॉलचे सामने चालवले. दोन पंचांपैकी एक गेला, आता दुसऱ्यानं बोलावं, असं काकू म्हणाल्या.

थकलो आहे. मोजकंच सांगतो.

एक खेळाडू चेंडू घेऊन बास्केटकडे धावतो. दुसरा त्याला अडवतो. दोघं धडकतात, दोघं पडतात. चूक कोणाची? अडवणारा आधीच पाय रोवून समोर उभा असेल आणि धक्का त्याच्या छातीवर बसला असेल, तर चूक धावणाऱ्याची. ते चार्जिंग. अडवणारा उशिरा आडवा आला असेल, तर चूक त्याची. ते ब्लॉकिंग. पापणी लवायच्या आत ठरवायचं असतं. सर म्हणायचे, "चेंडूकडे सारं गाव पाह्यते बे. तू अडवणाऱ्याचे पाय पाह्य."

आणखी एक शिकवलं होतं. दोघांच्या शिट्ट्या एकदम वाजल्या, तर दोघांनी नुसती मूठ वर करायची. आधी एकमेकांकडे बघायचं. मग खूण.

तो सामना अनसिंगला चांगला आठवतो. याच मैदानावर, मानोऱ्याविरुद्ध, फायनल. शेवटचे काही सेकंद. अनसिंग एका गुणानं पुढं. मानोऱ्याचा मुलगा धावत आला, उडी मारली, समोर आपला संतोष. दोघं पडले. चेंडू आत गेला. दोन शिट्ट्या वाजल्या, सरांची आणि माझी. चार्जिंग दिलं तर बास्केट रद्द, अनसिंग जिंकणार. ब्लॉकिंग दिलं तर बास्केट धरायचं, अनसिंग हरणार. मी बास्केटखाली होतो. मी चेंडूकडे बघत होतो. आणि मी थेट कमरेवर हात ठेवले. ब्लॉकिंग.

सर मुख्य पंच, म्हणून सगळ्यांनी निर्णय त्यांचाच धरला. आपल्याच गावाला हरवलं म्हणाले. तेव्हापासून सर 'मानोऱ्याचे जावई' झाले. चहाच्या टपरीवर गेले की कोणीतरी म्हणायचं, "या जावईबापू! सासरवाडी काय म्हन्ते?" सर हसायचे, चहा प्यायचे. काकू मला एकदा म्हणाल्या होत्या, "माह्यं माहेर रिसोडचं. या लोकायनं मले न इचारता मानोऱ्याले नेऊन ठेवलं."

त्या संध्याकाळी सरांनी मला गाडीवर घरी सोडलं. फाट्यावर गाडी थांबवली.

"काहून घाई केली बे? संतोषचे पाय पक्के होते."

मी म्हटलं, "मग तुम्ही सांगायचं होतं, सर."

"तुही खूण होऊन गेली होती. मी दुसरी केली असती तर पब्लिकनं तुलेच घेरलं असतं. तू नवा. मी मास्तर हावो, मले शिव्यायची सवय हाये. पुढच्या खेपेले आधी माह्याकडे पाह्यजो, बस."

मंडळी, सरांना शेवटपर्यंत वाटत राहिलं की मी त्यांच्याकडे बघितलंच नाही.

मी बघितलं होतं.

हात कमरेवर गेले आणि लगेच बघितलं. सरांची मूठ वर होती. ते माझ्याकडे दोन पावलं आले. पंचांनी आपसांत बोलून निर्णय बदलायला नियमात जागा आहे. ते काय सांगणार, ते मला चेहऱ्यावरूनच कळलं. आणि मी पाठ फिरवली. गुण लिहिणाऱ्यांच्या टेबलाकडे चालू लागलो. माझी पहिली फायनल होती. सगळ्या गावासमोर चुकलो म्हणायची लाज वाटली. परत वळलो तेव्हा सरांचा हात खाली होता.

चुकीची खूण कोणाकडूनही होते. पाठ मी जाणून फिरवली. हे मी सरांना कधी सांगितलं नाही. सर आजारी असताना वाशीमच्या दवाखान्यात दोनदा भेटायला गेलो. दोन्ही वेळा त्यांनी सामन्यांचं विचारलं. दोन्ही वेळा मी सामन्यांचंच सांगितलं.

संतोष, तू तिसऱ्या रांगेत आहेस. उठू नकोस, ऐक. तुझे पाय रोवलेले होते. तुझी चूक नव्हती. सर तुझ्याच एसटीनं वाशीमला जायचे. तू तिकीट द्यायचास आणि तोंडाकडे बघायचा नाहीस. ते तिकीट हातात घेऊन खिडकीबाहेर बघत बसायचे. तो राग माझ्या वाट्याचा होता.

काकू, तुम्हीही ऐका. सरांनी कोणाला सामना दिला नव्हता. मी तो आपल्याकडून काढून घेतला होता, आणि त्यांनी मला झाकलं.

सरांवर माझाही थोडा राग आहे. त्यांनी माझ्या दंडाला धरून मला टेबलाआधी थांबवायला हवं होतं. त्यांनी मला सांभाळलं. मला ते फार जड गेलं.

आणखी बोलवत नाही. आता आपण सगळे सरांसाठी उभे राहू या. वेळ संपली म्हणून कोणी शिट्टी वाजवू नका. ज्याला जेव्हा वाटेल, त्यानं तेव्हा निघावं.

मी मागे थांबणार आहे. उद्या इथं मुलींचे सामने आहेत आणि मैदानाच्या रेषा पुसल्या आहेत. चुन्याच्या फक्कीची बादली भिंतीशी ठेवली आहे. दोरीचं एक टोक नेहमी सर धरायचे. आज ते खिळ्याला बांधतो. मदतीला कोणी थांबू नका. रेषा मारून, हात धुऊन मी घरी जाईन.