मी नाव घेतलं का?

…नाही, पण तुम्हीच सांगा, मी नाव घेतलं का? नाही घेतलं. अकरा पुस्तकं, अकरा परीक्षणं, अकरा खून, आणि एका तरी ठिकाणी खुन्याचं नाव माझ्या पेनातून सांडलंय का? कागद सगळे घरी आहेत, या आणि तपासा. तरी आज मी नवी पेठेतून तोंडाला रुमाल बांधून जातो, आणि लोकांना वाटतं, उन्हासाठी बांधलाय. यंदा पाऊस लांबलाय, आणि अशा उन्हात रुमाल बांधलेल्या माणसाला सोलापुरात कोणी काही विचारत नाही, एवढीच काय ती सोय.

तुम्हाला सांगतो, पहिल्यापासून सांगतो, म्हणजे माझीही बाजू कळेल. मी रत्नदीप. जिल्हा परिषदेत एकतीस वर्षं नोकरी, त्यातली एकोणीस आस्थापना शाखेत. म्हणजे काय, तर साहेब लोक वर्षाच्या शेवटी प्रत्येकाबद्दल जे गोपनीय अहवाल लिहितात ना, हा कामसू, हा कामचुकार, ते सगळे माझ्या कपाटात आणि कपाटाची किल्ली माझ्या कमरेला. एकोणीस वर्षांत एक अक्षर बाहेर गेलं नाही. मुलीच्या लग्नात बोललो नसेन एवढ्या अभिमानानं मी हे सगळीकडं बोलायचो… बोलायचो म्हणजे, आता बोलत नाही. त्याचं कारण पुढं येईल.

तर रिटायर झालो, मार्च आला, पंखा गरम हवा फेकायला लागला आणि मी घरात या खोलीतून त्या खोलीत. बायको म्हणाली, "अहो, तुम्ही असे गरागरा फिरता, मला बसल्या जागी चक्कर येतीय. कुठंतरी जाऊन बसा." म्हणून नवी पेठेच्या मागच्या बोळात आमचं वाचनालय आहे, तिथं जाऊन बसलो. तिथले ग्रंथपाल वीरभद्रप्पा. माणूस सज्जन, पण रिकामा माणूस दिसला की काम देणार. म्हणाले, "सर, उन्हाळ्यात लोकांना जड झेपत न्हाय. आपल्याकडं हलक्याफुलक्या रहस्यकथांचं एक कपाट हाय, नुसतं धूळ खातंय. तुमी आठवड्याला एक वाचा, परीक्षण लिवा, मी दर शनवारी दारातल्या फळ्यावर लावतो. लोक तुमचं वाचतील, बुकं घरी नेतील. फकस्त एक करा सर, खुनी सांगू नका." मला सांगतायत. गोपनीय अहवालवाल्या माणसाला.

आता हलक्याफुलक्या म्हणजे कशा, तर खून होतो पण रक्त दिसत नाही, चहा मात्र दर चौथ्या पानावर. पहिल्या पानावर पात्रांची यादी, मग एखादी रिटायर हेडमास्तरीण चष्मा पुसत पुसत सगळ्यांच्या घरी जाणार, आणि शेवटी सगळ्यांना दिवाणखान्यात बसवून एकाकडं बोट दाखवणार. मला लई आवडल्या. खोटं कशाला बोलू?

पहिलं पुस्तक होतं 'पाच पाहुणे आणि एक मुरंबा'. पाचातला एक पाहुणा मुरंब्यात विष कालवतो. लिहायला बसलो. कर्नल रुबाबदार उतरलाय, लिहिलं. त्याची बहीण हसवते, लिहिलं. वकील, लिहिलं. गाणारी बाई, तिच्यावर तर चार ओळी लिहिल्या. आणि पाचव्यापाशी पेन थांबलं. ह्याचं काय करू? चांगला म्हणावं तर खोटं, वाईट म्हणावं तर फुटलं. तुम्ही काय केलं असतं? मी एकोणीस वर्षं जे केलं तेच केलं. नाजूक कागद सरळ कपाटात. मी नाव घेतलं का? नाही घेतलं. आणि अकराही पुस्तकांना हीच शिस्त, बरं का.

मग काय विचारता, शनिवारी फळ्यापुढं गर्दी. आधी कपाटातलं पुस्तक काढून पहिलं पान बघायचे, मग फळ्यावरचं माझं वाचायचे, मग बोटांवर काहीतरी मोजायचे, माना डोलवायचे, एकमेकांकडं बघून हसायचे आणि पुस्तक परत ठेवून घरी जायचे. मी कोपऱ्यात पेपर धरून हे बघत बसायचो. बोटांवर मोजतायत म्हणजे माझी चांगली वाक्यं मोजत असतील, असं मला वाटायचं. हसू नका… हसा, आता काय राहिलंय.

त्यात एक गौरम्मा. अक्कलकोट रोडला राहतात, कडक भाकऱ्या करून विकतात. पंचावन्नाव्या वर्षी नातीच्या शाळेच्या पुस्तकावरून अक्षरं शिकल्या, आणि शिकल्यावर पहिलं वेड लागलं ते रहस्यकथांचं. ओळीखाली बोट ठेवून वाचणार, दिवसाला आठ-दहा पानं. वीरभद्रप्पा मार्चातच म्हणाले होते, "सर, सगळा गाव बुक चाळतोय, वाचतात त्या एकट्या गौरम्मा." त्या बाई फळ्यापुढं उभ्या राहिल्या की मला साहित्य संमेलनाचा अध्यक्ष झाल्यासारखं वाटायचं.

जूनच्या पहिल्या आठवड्यात माझा सत्कार ठेवला. शाल, नारळ, चाळीस खुर्च्या, आणि वाचकांच्या वतीनं दोन शब्द बोलायला गौरम्मा. पदर सारखा केला आणि म्हणाल्या, "नमस्कार री. मला बोलायला येत न्हाय. पर सरांनी लई सोय केली. आदी एक बुक वाचायला मला पंदरा दिस लागायचे, कुणी मारलं, कुणी मारलं म्हणून जीव नुसता टांगनीला. आता कसं हाय, बुकाच्या पयल्या पानावर समद्यांची नावं असत्यात. ती बगायची, मग सरांचा कागद बगायचा. ज्याचं नाव सरांनी घेतलं न्हाय, त्योच की. पाच मिन्टांत काम हुतंय. बुक घरी न्यायलाच लागत न्हाय. सरांचे उपकार हायेत."

टाळ्या. नुसत्या टाळ्या नाहीत, चाळीस खुर्च्या हसतायत. पुढच्या रांगेतली दोन पोरं तर बोटांवर मोजून दाखवायला लागली. जूनचा उकाडा, अंगावर शाल, हातात नारळ, तो ठेवायला जागा नाही. मी वीरभद्रप्पांकडं बघितलं तर ते फळ्याकडं बघतायत. हळूच म्हणाले, "एप्रिलपासून त्या कपाटातलं एक बुक भाएर गेलं न्हाय सर. तुमचा उत्साह बगून सांगवंना." मी मनात म्हणतोय, मी नाव घेतलं का? नाही घेतलं. आणि तिथल्या तिथं कळलं, की तेच तर झालं.

लोक हसले त्याची लाज नाही हो वाटली. सरकारी नोकरी केलीय, हसणं सवयीचं आहे. लाज वाटली ती गौरम्मांची. त्या टोमणा मारत नव्हत्या, मनापासून आभार मानत होत्या. एका बाईनं पंचावन्नाव्या वर्षी बोट ठेवून ठेवून वाचायला शिकावं, आणि माझ्यासारख्या शिकलेल्या माणसानं तिचं वाचणंच बंद पाडावं, आणि वरून शाल घ्यावी. जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं झालं मला.

एवढ्यावर भागलं असतं, पण जिन्यात धर्मपाल भेटला. ऑफिसात माझ्या समोरच्या टेबलाला होता. खांद्यावर हात टाकून म्हणतो, "रत्न्या, मनाला लावून घेऊ नको. तुझं ऑफिसात पण हेच होतं की." म्हटलं, काय? "अहवाल आले की तू सगळ्यांना चहा विचारायचास. ज्याला विचारला नाहीस, त्याचा शेरा वाईट. सगळी शाखा तुझ्या चहावर लक्ष ठेवून असायची. मला एका वर्षी महिनाभर विचारला नव्हतास, म्हणून तर मी वेळेत साहेबांना जाऊन भेटलो." एकोणीस वर्षं, मंडळी. एकोणीस वर्षं मी कमरेला किल्ली लावून फिरत होतो आणि कपाट उघडं होतं. घरी येऊन बायकोला सगळं सांगितलं. बायको म्हणाली, "मला वाटलं तुम्हाला माहीत असेल."

तिसऱ्या दिवशी ठरवलं, बाकी काही होवो, गौरम्मांचं वाचन सुरू झालंच पाहिजे. बारावं पुस्तक मी वाचलं होतं, पण त्याचं परीक्षण लिहिलं नव्हतं. ते घेऊन थेट त्यांच्या घरी गेलो. म्हटलं, "हे घ्या. ह्याच्यावर मी लिहिणार नाही, एक शब्द बोलणार नाही." त्यांनी पिठाचे हात पुसले, पहिलं पान उघडलं आणि बोट ठेवून वाचायला लागल्या. "डाक्टर…" आणि माझ्याकडं बघितलं. मी भिंतीकडं बघितलं. "मास्तर…" मी चुलीकडं बघितलं. "डायवर…" मी भाकऱ्यांची चळत बघितली. "मावशी…" मला एकदम ठसका लागला, मी पाणी मागितलं.

त्यांनी पुस्तक मिटलं. पाणी दिलं. म्हणाल्या, "मावशी व्हय?" मी नाव घेतलं का? नाही घेतलं. "जाऊ द्या सर," म्हणाल्या, "तुमचा दोष न्हाय. तुमचं तोंडच तसं हाय." मी मान खाली घालून उठलो, तर दारात त्यांनी थांबवलं. "सर, आसं करू या का? तुमी शेवट वाचूच नका की."

तर आता ही पद्धत आहे. नवीन पुस्तक आलं की पहिलं गौरम्मांकडं जातं. त्यांचे पंधरा दिवस झाले की वीरभद्रप्पा शेवटच्या प्रकरणाला तीन ठिकाणी पिना मारतात आणि मग पुस्तक मला. मी सगळ्यांची नावं घेऊन, सगळ्यांना सारख्या ओळी देऊन लिहितो, कारण मलाच काही माहीत नसतं. पुस्तकं घरी जायला लागलीत. आणि इकडं माझं डोकं भणभणतंय. सध्याचं पुस्तक आहे, त्यात पोस्टमननं मारलं की भाच्यानं, मला आठ दिवस झोप नाही.

शेवटी काल लाज सोडून अक्कलकोट रोडला गेलो. गौरम्मा भाकरी थापत होत्या. समोर बसलो आणि तोंडाकडं टक लावून एकेक नाव घेतलं. "पोस्टमन…" भाकरी फिरली. "भाचा…" भाकरी फिरली. "विधवा काकू… सोनार…" बाईची पापणी हलेना. म्हटलं, "गौरम्मा, मी सगळा उन्हाळा तुम्हाला सांगत आलो, तुम्ही एवढं एक सांगा." भाकरी तव्यावर टाकली आणि शांतपणे म्हणाल्या, "चहा घेता का, सर?"

मी चहा प्यालो आणि परत आलो. ती किल्ली एकोणीस वर्षं चुकीच्या कमरेला होती.