वास काढायची मशीन

...मशीनले नावं नाई ठेवत मी. तिले सांगतलं वास काढ, तिनं काढला, इतकं सांगतल्यासारखं काम आमच्या खात्यात कोणी साहेबानंबी केलं नाई कधी! पण तुम्हाले सांगतो, बसा जरा, काऊन की घरी सांगाची सोय नाई, सुनेले सांगाले गेलो तं ते म्हणते, 'मामाजी, चहा मांडू का?'

मी धरणावरची लाँच चालवतो. त्र्याहत्तर सालापासून. येवढीशी केबिन, दोन बाकं, चार काचा. साहेबलोक पाणी मोजाले येते, म्हणजे मोजतो मी, थे बसते. अन् वारं सुटलं का मासोळीवाल्यांच्या टोपल्या माया केबिनमंधी... आता नाई कसं म्हणता त्याईले? या दहा वर्षांत वास मुरला. मले तं येतबी नव्हता. पण औंदा मोठ्या साहेबाच्या बाईसाहेब आल्या, नाकाले पदर लावला थो किनाऱ्यावरच काढला, अन् आमचे साहेब लागले मायावर. 'लक्ष्मणराव, ही सरकारी लाँच आहे की मासळीबाजार?' म्हटलं साहेब, परवा याच टोपलीतली वाम तुम्ही घरी नेलती. हे मनात म्हटलं बरं का, तोंडानं 'जी साहेब' म्हटलं.

मंग नागपूरहून मशीन आली. जीपमंधी. संगं प्रेमदास नावाचा मेकॅनिक. मशीन म्हणजे रेडिओएवढा डबा, मांगून पंखा. 'ओझोन म्हणते याले, काकाजी. इज कडाडली का कसा वास येते, तेच हवा हे बनवते. सारी घाण खाऊन टाकते. दिवसभर केबिन बंद ठेवा, आत कोणी बसू नोका.' अन् बाकाखाली वाकून पाह्यते. 'या पेटीत काय हाये?'

'काई नाई,' म्हटलं.

खोटं बोललो. गोधडी होती पेटीत. मनकर्णीची, माया बायकोची. आता तुम्ही म्हणसान, बायकोची गोधडी सरकारी लाँचीत कायले? आमच्यात मेलेल्या माणसाचं अंथरूण-पांघरूण घरात ठेवत नाई, तेरवीच्या आंधी देऊन टाकते नाईतं धुऊन काढते. कोकिळानं, सुनेनं, सारं काढलं, बिचारीचं काय चुकलं? म्या एक गोधडी सायकलच्या मांगं बांधली अन् आणली इथं. डोक्याले मेथीचं तेल लावे मनकर्णी, कपाळाले बाम, अन् वरून चुलीचा धूर. जित्ती होती तवा मी कुरकुर करो, 'काय वास मारते तुया डोक्याले!' तं ते म्हणे, 'अन् तुमी काय गुलाबाचं फूल हा? आंधी आंगणात आंघोळ करा, मंगच घरात पाय ठेवा.' नऊ वर्षं आंगणातच आंघोळ केली मी... थंडीतबी.

तं अकरा महिने दुपारची भाकर खाल्ली का पेटी उघडो, गोधडी नाकाले लावो, अन् झाकण लावून देवो. पण मासोळी काय कोणाले सोडते? हळूहळू गोधडीतबी शिरली. मनकर्णी मांगं मांगं सरकून राह्यली, मासोळी म्होरं येऊन राह्यली. म्हणून मशीन पाहून मी मनात खूष झालो. म्हटलं, हे घाण खाते ना? मासोळी खाऊन टाकीन, मनकर्णी राहीन. येवढी नागपूरची मशीन, तिले येवढं तं कळत असन, घाण कोणती अन् माणूस कोणतं!

प्रेमदास चहा प्याले गेला, तसं म्या पेटीचं झाकण उघडलं. गोधडी बाकावर पसरली, चांगली चौघडी मोडून. काचांच्या फटी होत्या, त्या रेस्टहाऊसमंधून कणीक आणून लिंपल्या. माया हातानं. हवा बाहीर जाऊ नोये म्हणून! मशीनले काय नावं ठेवाचे सांगा.

संध्याकाळी केबिन उघडली. साहेबानं आत डोकं घातलं, मोठा श्वास घेतला. 'वा, लक्ष्मणराव! काहीच वास नाही!' माया पाठीवर थाप मारली. दहा वर्षांतली पयली शाबासकी.

साहेब गेल्यावर गोधडी नाकाले लावली. उलटी केली. कोपरे पाह्यले, शिवण पाह्यली, जिथं डोकं ये थो भाग पाह्यला. काई नाई. धुतलेल्या कपड्याले निदान साबणाचा वास येते हो... याले तोबी नाई. तवा रडलो मी. दवाखान्यातून तिले आणलं तवा नव्हतो रडलो, लोकाईची चहापाण्याची सोय पाहून राह्यलो होतो. त्या दिवशी लाँचीत बसून पोट्ट्यासारखा रडलो. पयल्यांदा गेली थे देवानं नेली, दुसऱ्यांदा म्याच घालवली, फटीले कणीक लावून.

अन् मासोळी? पंधरा दिवसांत हाजीर! वारं सुटलं, टोपल्या आल्या, वास आला, जसा का माहेरपणाले गेलता. थो परत येते हो. थोच परत येते.

साहेबानं पुन्हा मशीन बोलावली. काल आला प्रेमदास, तोच डबा, तोच पंखा, पुन्हा बाकाखाली वाकला. 'काकाजी, या पेटीत काय हाये?'

'काई नाई,' म्हटलं. या खेपेले खरं सांगतलं.