डीपी बदलल्यावर

सेलूहून वालूरला निघालेल्या एसटीत त्रिवेणी खिडकीशी बसली होती. पुढच्या बाकावर एक म्हातारा शेतकरी अन् एक वायरमन बोलत होते.

"विजेची जळालेली डीपी बदलली अन् बोअरचं पाणीच तुटलं बघ. धार करंगळीएवढी."

"मोटर बघितली का, मामा?"

"मोटर तर फिरायलीय की. मंग जमिनीतलं पाणी दावणारा पानाड्या आणला. त्याच्या हातावर नारळ उभाच न्हाई राहिला. म्हनला, झरा सरकला."

"अन् मोसंबी?"

"वाळताना बघवंना. काल जेसीबी लावून उपटली समदी."

वायरमन त्याच्याकडं वळला.

"मामा, नव्या डीपीला दोन तारा उलट्या जोडल्यात. तिच्यावरच्या समद्या मोटरी उलट्या फिरायल्यात. उलट्या मोटरीला पाणी थोडंच येतं. त्याच कामाला निघालोय मी."

"काय करायचं असतं?"

"दोन तारांची अदलाबदल. बास."

"झाडं फळाला आलती रं."

त्रिवेणीनं घाईघाईनं घरी फोन लावला.

"अवो, आपलीबी डीपी नवीच हाय, मोटर उलटी फिरत असंल, म्हनून पाणी तुटलंय. मोसंबीला हात लावू नगा."

पलीकडून नवऱ्याच्या आवाजाआधी जेसीबीची घरघर ऐकू आली.