दिवसाची झोप

फोपनारच्या बसमध्ये सुलभाच्या पुढच्या सीटवर दोघी बोलत होत्या.

“रंजिता, जावईबापूंना दिवसा झोप लागते का गं आता?”

“काल लागली होती, मावशी! कापडाच्या लूमवर आठ रात्रपाळ्या काढल्यावर पहिल्यांदाच. शेजारच्या बायकासुद्धा ओट्यावर एकदम गुपचूप बसल्या होत्या.”

“मग?”

“तेवढ्यात यांच्या आत्याबाई आल्या. बाहेर बायका गप्प, अन् आत हे माशांमुळे तोंडावरून पांढरी चादर ओढून पडलेले. आत्याबाईंनी दारातच हंबरडा फोडला.”

“अरे देवा! तू सांगितलं नाहीस?”

“घाईत म्हटलं, आत्याबाई, हळू रडा, ते उठतील.”

“अन् त्या?”

“मला छातीशी धरून आणखी मोठ्यानं रडल्या.”

“जावईबापू?”

“उठून बसले. ते बघून आत्याबाई आडव्याच झाल्या. त्यांना यांच्याच गादीवर निजवलं. संध्याकाळपर्यंत छान झोपल्या.”